लग्न कुणाच्या नियमाने? धर्म, कायदा आणि मतपेटीबद्दल नाशिकमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा न्यायालयाच्या फाटकाबाहेर, सीबीएस बसस्थानकाकडे तोंड करून चहा पीत उभी राहिले की वकील म्हणून माझ्याकडे दोन प्रकारचे लोक येतात. काहींना लग्न करायचं असतं, काहींना ते थांबवायचं असतं. प्रश्न मात्र दोघांचे बरेचसे सारखेच. वीस वर्षं तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढते आहे. प्रत्येकाचं प्रकरण वेगळं असतं, तेव्हा ही पानं वाचून परस्पर पळून जाऊ नका. कागद घेऊन या, मग बोलू.

कोर्ट मॅरेज कोर्टात होतं ना?

नाही. न्यायाधीशांचा त्याच्याशी काही संबंध नाही. ते विवाह अधिकाऱ्यासमोर होतं आणि हा अधिकारी नोंदणी व मुद्रांक विभागाचा असतो, म्हणजे जिथे फ्लॅटचे दस्त होतात तेच खातं. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एक वाक्य म्हणायचं: मी अमुक, तमुकला माझा कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकारतो. झालं लग्न. हार घातले काय, न घातले काय, कायद्याला फरक पडत नाही.

महापालिकेच्या विभागीय कार्यालयात जे होतं ते वेगळं. तिथे लग्न लागत नाही, आधीच लागलेल्या लग्नाची नोंद होते. म्हणून त्या अर्जात भटजी किंवा काझी यांची सही मागतात.

लोकशाहीत सगळ्यांना एकच कायदा असायला हवा ना? मग लग्नात धर्म येतो कुठून?

खिडकीवरचा पहिलाच प्रश्न धर्माचा असतो, तिथून. दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा. मुस्लिमांना त्यांचा व्यक्तिगत कायदा, जो १९३७ च्या शरियत कायद्याने लागू आहे. ख्रिश्चनांना १८७२ चा, पारशांना १९३६ चा. धर्म ओलांडणाऱ्यांना आणि ज्यांना धर्माचं नावच नको त्यांना १९५४ चा. घर एकच, पण दारं अनेक, आणि कुठल्या दाराने शिरलात त्यावर पुढचा घटस्फोट, पोटगी, कधीकधी वारसाहक्कसुद्धा ठरतो.

नोटीस तीस दिवस फळ्यावर लावतात म्हणे. घरी कळलं तर?

इथेच घोडं पेंड खातं. विशेष विवाह कायद्याखाली दोघांपैकी एकाचं तरी जिल्ह्यात सलग तीस दिवस वास्तव्य हवं. मग नोटीस द्यायची. नाव, वय, धंदा, पत्ता सगळं त्यात. ती कार्यालयाच्या फलकावर लागते आणि मुलगी मूळची जळगावची असेल तर एक प्रत जळगावच्या फलकावरही जाते. तीस दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतो. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर सगळं पहिल्यापासून.

असा एक फलक डोळ्यांसमोर आणा. काचेचं दार, किल्ली शिपायाकडे, आत गंजलेल्या टाचण्यांना लटकलेले फोटो आणि पत्ते. एकदा माझ्या डोळ्यांदेखत एक गृहस्थ मोबाईलवर ओळीने आठ नोटिसांचे फोटो काढत होते. विचारलं, यातल्या कुणाचे नातेवाईक? म्हणाले, "समाजाचा." त्यापुढे त्यांनाही काही सांगायचं नव्हतं आणि मलाही काही विचारायचं उरलं नाही.

आता दुसरं चित्र बघा. दोघं हिंदू सकाळी अकराला मंगलाष्टकं म्हणून मोकळे होतात. त्यांना नोटीस नाही, फलक नाही, तीस दिवस नाहीत. म्हणजे धर्माच्या आत लग्न केलंत तर सरकार विश्वास ठेवतं, बाहेर केलंत तर चौकशी करतं. इंग्रजांच्या १८७२ च्या कायद्यात ही मुदत चौदा दिवसांची होती. आपण स्वतंत्र झालो आणि ती तीस केली! अर्थात तेव्हा आपण कुठलाच प्रस्थापित धर्म मानत नाही, असं लिहून द्यावं लागायचं, ती अट १९५४ ला गेली, हेही सांगायला हवं.

हरकतीला मात्र मर्यादा आहे. वय कमी (मुलगा एकवीस, मुलगी अठरा), आधीचा जोडीदार हयात, मनोरुग्णता, निषिद्ध नातं, एवढीच कारणं चालतात. "आमच्यात चालत नाही" हे कारण नाही. खोडसाळ हरकत घेणाऱ्याला दंडही होऊ शकतो, मात्र तो फक्त हजार रुपयांपर्यंत. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटीस लावणं ऐच्छिक ठरवलं. आपल्याकडे ती लागतेच.

नाशिकमध्ये असं खरंच काही होतं का, की उगाच घाबरवता?

जुलै २०२१ आठवा. शहरातल्या एका आंतरधर्मीय लग्नाची पत्रिका व्हॉट्सअॅपवर फिरली. दोन्ही घरं राजी होती, कायदेशीर नोंदणी आधीच झाली होती, उरला होता फक्त समारंभ. फोन, मेसेज, समाजाच्या बैठका असा दबाव आला आणि समारंभ रद्द करावा लागला. पुढे तो पार पडला, पण मधले ते दिवस कुठल्या कलमात बसवायचे?

त्याआधी जून २०१३. आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा तिच्याच वडिलांनी जीव घेतला, तो याच शहरात. त्या प्रकरणातून जातपंचायतींचा दबाव उघड्यावर आला, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं (अंनिस) जातपंचायत मूठमाती अभियान उभं राहिलं आणि त्या चळवळीच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. धोका वाटत असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालाचा आधार घ्या: प्रत्येक जिल्ह्यात अशा जोडप्यांसाठी विशेष कक्ष आणि राहण्याची सुरक्षित सोय करायला राज्यांना सांगितलं आहे. पोलिसांना लेखी अर्ज द्या आणि पोचेवर शिक्का घ्या. तोंडी सांगून आलात तर काही सांगितलंच नाही असं समजा.

त्यापेक्षा आळंदीला जाऊन लग्न लावलं तर?

नाशिकहून पहाटेची गाडी पकडून आळंदीला आणि संध्याकाळी सर्टिफिकेट घेऊन परत, असे कितीतरी पाहिले. दोघंही हिंदू विवाह कायद्यात बसत असाल, वय भरत असेल आणि विधी खरंच झाले असतील तर लग्न वैध. एक जण मुस्लिम किंवा ख्रिश्चन असेल तर या कायद्याखाली ते लग्नच नाही, कितीही अक्षता पडल्या तरी.

आणि विधी खरंच करा. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विधीच झाले नसतील तर नुसतं प्रमाणपत्र म्हणजे हिंदू विवाह नव्हे. व्हिसासाठी किंवा कंपनीच्या क्वार्टरसाठी "आधी कागद करून घेऊ, लग्न डिसेंबरात" असं करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. धर्मनिरपेक्ष राज्याचं न्यायालय सप्तपदी झाली का, असं विचारतं हे गमतीचं वाटेल. पण हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलमच तसं आहे.

आमच्यात सप्तपदी नसतेच. आम्ही बौद्ध आहोत.

हरकत नाही. सातवं कलम दोघांपैकी एका पक्षाच्या रूढ विधींना मान्यता देतं. त्रिशरण, पंचशील, हार, झालं. सप्तपदीची गोष्ट फक्त ज्यांच्या रूढीत ती आहे त्यांच्यापुरती. तरीही ज्या येवल्यात, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, त्याच जिल्ह्यातला बौद्ध तरुण आज हिंदू विवाह कायद्याखाली नोंद करतो. वेगळ्या बौद्ध विवाह कायद्याची मागणी त्या अवघडलेपणातून येते. तामिळनाडूने १९६७ मध्ये आपल्यापुरती दुरुस्ती करून पुरोहिताविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना थेट कलमात जागा दिली. सत्यशोधक लग्नं आपल्याकडे १८७३ पासून लागताहेत, पण महाराष्ट्राने असं कलम घातलेलं नाही.

आणि पेठ-सुरगाण्याकडचे आदिवासी?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि वकीलसुद्धा यात चुकतात. हिंदू विवाह कायद्याच्या दुसऱ्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल यांची लग्नं त्यांच्या रूढीप्रमाणे. घटस्फोटही रूढीप्रमाणे, पंचांसमोर. रूढी लिहिलेली नसते, ती कोर्टात साक्षीदार आणून सिद्ध करावी लागते. माझ्याकडे सुरगाण्याकडची एक बाई दुसऱ्या लग्नाची तक्रार घेऊन आली होती. नवऱ्याचा वकील म्हणाला, हिंदू कायदा लागू नाही, मग द्विभार्येचा गुन्हा कसला? बाईच्या कपाळावर कुंकू, घरात खंडोबा, गळ्यात मंगळसूत्र. तिला मी काय सांगणार, की बाई, तू कायद्याच्या लेखी हिंदू नाहीस?

समान नागरी कायद्यावर तावातावाने बोलणाऱ्यांना मी हा प्रश्न मुद्दाम विचारते.

धर्माचार्यांना हे सगळं पूर्वीपासून असंच हवं होतं का?

धर्माचार्य कधीच एका बाजूला नव्हते. १८९१ च्या संमतिवय कायद्याचं बघा. पत्नीच्या संमतीचं वय दहावरून बारा करायचं, एवढाच बदल. टिळकांचा विरोध, कारण परक्या सरकारने आमच्या धर्मात हात का घालावा. रा. गो. भांडारकर संस्कृत ग्रंथ उघडून दाखवत होते की शास्त्र या सुधारणेच्या आड येत नाही. दोन्ही बाजूंना शास्त्र सापडत होतं. भांडण पोथीचं कमी आणि समाजाच्या वतीने बोलायचं कुणी याचं जास्त होतं. आजच्या टीव्हीवरच्या चर्चेत माणसं बदलली आहेत, एवढंच.

मग हिंदू कायदा बदलला कसा? आंबेडकरांनी तर राजीनामा दिला होता.

हिंदू कोड बिल रखडलं, हे त्या राजीनाम्याचं मोठं कारण, सप्टेंबर १९५१. एकपत्नीत्व, घटस्फोट, मुलींना वाटा, या गोष्टींवर संसदेत आणि रस्त्यावर गदारोळ झाला. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांचाही विरोध होता.

पुढचा भाग शाळेत कुणी सांगत नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत फुलपूरला नेहरूंच्या विरोधात प्रभुदत्त ब्रह्मचारी नावाचे साधू उभे राहिले, हिंदू कोड बिलाला विरोध हाच त्यांचा मुद्दा. नेहरू निवडून आले आणि १९५५–५६ मध्ये त्या एका विधेयकाचे चार कायदे करून मंजूर करून घेतले. बिल पातळ झालं, तुकडे झाले, पण झालं. धर्माच्या नावाने केलेला विरोध मतपेटीत मोजून घेतला गेला. मला यातलं हे सगळ्यात आवडतं.

आपला मुंबई प्रांत तर आणखी पुढे होता. द्विभार्याप्रतिबंधक कायदा १९४६ चा, घटस्फोटाचा १९४७ चा, दिल्लीच्या आधी. त्या १९४६ च्या कायद्याखाली पकडलेल्या नरसू आप्पा माळी याने विचारलं, मुसलमानाला चार चालतात तर मला दोन का नाहीत? छगला आणि गजेंद्रगडकर या न्यायमूर्तींनी कायदा टिकवला. मात्र त्याच १९५१ च्या निकालात त्यांनी असंही म्हटलं की व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येत नाहीत. पुढची सत्तर वर्षं ते वाक्य सगळ्यांच्या आड येत राहिलं.

म्हणजे फक्त हिंदूंचा कायदा बदलला, मुस्लिमांना हात लावला नाही. मतांसाठीच ना?

बऱ्याच अंशी हो, आणि दोन्ही बाजूंनी मतांसाठी. इंदूरच्या शाहबानो या घटस्फोटित मुस्लिम बाईला उच्च न्यायालयाने महिना १७९ रुपये २० पैसे पोटगी दिली होती. ती १९८५ ला सर्वोच्च न्यायालयाने कायम केली आणि देश पेटला. १९८६ मध्ये राजीव गांधी सरकारने निकालाला वळसा घालणारा कायदा केला. पण गोष्ट तिथे संपली नाही. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याचा अर्थ असा लावला की इद्दतीच्या, म्हणजे तलाकनंतर बाईने थांबायच्या ठरावीक काळातच पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करून द्यायला हवी. २०१७ मध्ये तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी बाद झाला. २०१९ ला तो तुरुंगाचा गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत.

तलाकविरोधात मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईच्या विधिमंडळावर मोर्चा नेला, त्यात सात बायका होत्या. फक्त सात. फेब्रुवारी २०१८ मध्ये आमच्या मालेगावात तलाक विधेयकाच्या विरोधात हजारो मुस्लिम बायका रस्त्यावर उतरल्या. संख्या बघून निकाल लावायचा तर प्रश्न सोपा आहे. मालेगावहून माझ्याकडे येणाऱ्या अशिलांना मात्र यातलं काहीच विचारायचं नसतं. "नवरा नांदवत नाही, पैसे देत नाही, काय करू?" एवढंच असतं. नवऱ्याला तुरुंगात टाकून पोटगी येत नाही, हे त्यांना दिल्लीतल्या लोकांपेक्षा आधी कळलं होतं. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम बाईला फौजदारी प्रक्रिया संहितेखाली पोटगी मागता येते, हे पुन्हा स्पष्ट केलं. तो निकाल त्यांच्या उपयोगाचा.

समान नागरी कायदा आला की हे सगळं सुटेल?

संविधानाचं ४४ वं कलम राज्याला तसा प्रयत्न करायला सांगतं. मला तो हवा आहे, आधीच सांगते. पण कुठला, ते दाखवा. गोव्याचं उदाहरण लोक देतात. तिथे १८६७ ची पोर्तुगीज संहिता आहे, पण चर्चमध्ये लागलेल्या लग्नांसाठी आणि जुन्या हिंदू रूढींसाठी तिथेही वेगळ्या सोयी. उत्तराखंडचा कायदा जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्यातून अनुसूचित जमाती वगळल्या आणि लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली. म्हणजे तो टाचण्यांचा फलक आता लग्न न करणाऱ्यांच्याही मागे लागला. २१ व्या विधी आयोगाने २०१८ मध्ये म्हटलं होतं की सध्या असा कायदा गरजेचाही नाही आणि इष्टही नाही, आधी प्रत्येक कायद्यातला अन्याय काढा.

लग्नासाठी धर्म बदलावा लागतो का?

नाही. विशेष विवाह कायदा त्यासाठीच आहे. दुसरी बायको करायला धर्म बदलणाऱ्यांसाठी १९९५ चा सरला मुद्गल निकाल: पहिलं लग्न मोडलेलं नसेल तर दुसरं रद्दबातल आणि वर गुन्हा.

लव्ह जिहादचा कायदा महाराष्ट्रात आहे का?

हा शब्द कुठल्याही केंद्रीय कायद्यात नाही, असं केंद्र सरकारनेच फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत सांगितलं. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, गुजरात यांनी लग्नातून होणाऱ्या धर्मांतरावर कायदे केले. गुजरातच्या कायद्यातली काही कलमं, आंतरधर्मीय लग्नांपुरती, तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये थांबवली. आपल्या राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करणारी समिती काढली, ओरड झाल्यावर दोन-तीन दिवसांत "आंतरजातीय" शब्द गाळला. याच राज्यात अनुसूचित जातीच्या जोडीदाराशी आंतरजातीय लग्न केल्यास पन्नास हजारांचं प्रोत्साहन अनुदान मिळतं. एक खातं पैसे देतं, दुसरं नावं लिहून घेतं.

उमेदवाराला धर्माच्या नावावर मत मागता येतं का?

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) प्रमाणे नाही. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी त्यात मतदाराचा धर्मही धरला. साधूला उभं राहता येतं का? येतं. २०२४ च्या लोकसभेला नाशिकमधून शांतिगिरी महाराज अपक्ष उभे होते, हरले. भगवे कपडे ही पात्रता नाही आणि अपात्रताही नाही. अडचण प्रचारातल्या वाक्याची आहे, आणि ते वाक्य कोर्टात सिद्ध करायचं म्हणजे पाच वर्षांची बेगमी.

इतर लोकशाही देशांत लग्न धर्माच्या हातात नसतं ना?

इस्रायलमध्ये नागरी विवाह नाहीच. लग्न लागतं ते धर्मसंस्थेतूनच. दोन धर्मांची जोडपी विमानाने सायप्रसला जातात आणि तिथलं लग्न घरी येऊन नोंदवतात. त्यांची आळंदी म्हणा. आयर्लंडच्या घटनेतच घटस्फोटाला बंदी होती. १९८६ च्या सार्वमतात ती टिकली, १९९५ ला नऊ हजारांच्या आसपास मतांच्या फरकाने गेली.

दोन मुलांना किंवा दोन मुलींना लग्न करता येतं का?

सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतर, नाही. न्यायालयाने संसदेकडे बोट दाखवलं.

विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं तर वडिलांच्या इस्टेटीचं काय?

वाटा बुडत नाही. हिंदूने अन्य धर्मीयाशी असं लग्न केलं तर तो एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असं कायदा धरतो, म्हणजे त्याचा वाटा त्याच्याजवळ. पुढे त्याच्या मागे वारसा १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने. दोघंही हिंदू असतील तर १९७६ च्या दुरुस्तीनंतर हे काही लागत नाही. "तुला घराबाहेर काढू" ही धमकी सातबारावर चालत नाही.

नोंदणी झाल्यावर घरी विधी केले तर चालतं? आणि मग लग्नाचा वाढदिवस कुठला?

हवे तेवढे करा, नोंदणीला धक्का लागत नाही. पासपोर्टला आणि विम्याला प्रमाणपत्रावरची तारीख. घरचं तुम्ही बघा. माझ्या एका जोडप्याकडे तिच्या आईचा फोन मुहूर्ताच्या तारखेला येतो, त्याच्या अम्मीचा निकाहच्या. हे दोघं स्वतः मात्र नोटिशीचे तीस दिवस संपले त्या तारखेला पंचवटीत मिसळ खायला जातात.